बांबूकामातील दोष: सांगण्याची रीत आणि ऐकण्याची तयारी

कोणतीही हस्तकला शिकताना हाताला वळण लागण्याआधी नजर तयार व्हावी लागते आणि नजर तयार होण्यासाठी केलेल्या कामातील उणे कोणीतरी स्पष्टपणे दाखवून द्यावे लागते. या दाखवून देण्याला प्रस्तुत लेखात चिकित्सा म्हटले आहे. वस्तूतील गुणदोष नेमके कोठे आहेत, ते कशामुळे आले आणि पुढची वस्तू करताना काय बदलावे, एवढे सांगून झाले म्हणजे चिकित्सा पूर्ण होते; म्हणून ती तोंडदेखल्या कौतुकाहून जितकी वेगळी आहे तितकीच हेटाळणीहूनही वेगळी आहे. नंदुरबार जिल्ह्यात बांबूकाम शिकणारे तरुण, त्यासाठी एकत्र आलेले महिला बचत गट आणि त्यांना शिकवणारे प्रशिक्षक यांना ही चिकित्सा प्रत्यक्ष कशी करता येईल, याचा विचार पुढे केला आहे.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सोळा लाखांहून अधिक असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण जवळजवळ 69 टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी अशा अनेक समाजांच्या घरांत बांबू रोजच्या वापराचा आहे. कुडाच्या भिंती, शेणामातीने लिंपलेल्या कणग्या, सुपे, टोपल्या, मासे धरण्याचे सापळे यांपासून काठी येथील राजवाडी होळीत उभारल्या जाणाऱ्या उंच, सरळ बांबूपर्यंत त्याचा आढळ आहे. मात्र विणकाम हाच पिढीजात व्यवसाय असलेला समाज म्हणजे कोतवालिया. गुजरातच्या तापी जिल्ह्याला लागून असलेल्या नवापूर तालुक्यात आणि सीमेपलीकडे त्यांची वस्ती आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत विटोलिया, कोतवालिया, बरोडिया अशी त्यांची एकत्र नोंद आहे, तर गुजरातमध्ये त्यांचा समावेश विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो. ज्या घरात आईवडील दिवसभर विणत असतात त्या घरातील मुलाला वेगळी चिकित्सा ऐकवावी लागत नाही, कारण ढिली पडलेली ओळ मोठे माणूस न बोलता उसवते आणि मूल ते पाहते. प्रशिक्षण वर्गात मात्र पाहण्याची ही वर्षे उपलब्ध नसतात. तेथे काही आठवड्यांत शिकवायचे असते, शिकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी हे काम कधी झालेले नसते आणि म्हणून घरात जे न बोलता घडते ते वर्गात शब्दांनी घडवावे लागते.

नेमके येथेच बहुतेक वर्ग कमी पडतात. पहिली टोपली कशीबशी उभी राहिली की टाळ्या वाजतात, छायाचित्र निघते, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळते आणि वाकड्या बुडाची ती टोपली प्रदर्शनाच्या टेबलावर मांडली जाते. शिकणाऱ्याचे मन मोडू नये हा त्यामागचा हेतू चांगला असतो, परंतु त्याची किंमत शेवटी शिकणाऱ्यालाच मोजावी लागते, कारण आठवडे बाजारातील गिऱ्हाईक दोष सांगत बसत नाही. ते टोपली उचलते, बुडावर बोट फिरवते, खाली ठेवते आणि शेजारच्या दुकानातील प्लॅस्टिकचे टोपले घेऊन जाते. माल का खपला नाही हे विणणाऱ्याला कळत नाही, तो किंमत उतरवतो, मग हळूहळू काम सोडतो आणि बांबूला आता मागणी उरली नाही असा निष्कर्ष काढतो. मागणी खरोखर घटली आहे हे नाकारता येणार नाही. पण न खपलेल्या प्रत्येक वस्तूचा दोष प्लॅस्टिकवर टाकणे ही स्वतःची फसवणूक आहे. बाजार जे बोलत नाही ते वर्गात बोलले गेले पाहिजे, तेही दुरुस्ती शक्य असताना.

दोष सांगितला म्हणजे काम आपोआप सुधारते, असा समजही बाळगू नये. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या अभ्यासकांनी 1996 मध्ये कामाविषयी दिल्या जाणाऱ्या अभिप्रायांवरील आधीच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा उपयोग होतो असे त्यांना दिसले, परंतु एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट खालावले होते. लक्ष कामावरून उडून स्वतःवर जाऊ लागते तसतशी अभिप्रायाची परिणामकारकता घटते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोगही याच दिशेचा आहे: ज्यांना केवळ शेरा मिळाला त्यांची गोडी आणि कामगिरी वाढली; ज्यांना गुण, किंवा गुण आणि शेरा दोन्ही मिळाले, त्यांना तो लाभ झाला नाही, कारण गुण दिसले की शेऱ्याकडे लक्ष राहत नाही. बांबूच्या वर्गापुरता याचा अर्थ असा की, ‘तुझा हात चांगला आहे’ आणि ‘तुला हे जमणार नाही’ ही दोन्ही वाक्ये सारखीच निरुपयोगी आहेत, कारण दोन्ही माणसाविषयी आहेत. ‘तिसऱ्या ओळीपासून कामट्या जाड झाल्या आहेत, म्हणून काठ एका बाजूला उचलला गेला आहे’ हे वाक्य वस्तूविषयी आहे आणि त्यातून पुढे काय करावे हेही निघते. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक वर्गात काढू नयेत हे उत्तम. आयोजकांना ते काढावेच लागत असतील तर चिकित्सेच्या दिवशी तरी काढू नयेत.

चिकित्सेला सर्वांत भक्कम आधार वस्तूच्या वापराचा असतो. सूप कसे दिसते यावर मतभेद होतील, पण ओंजळभर भगर घेऊन ते पाखडले की दाणे मागे सरकून राहतात का आणि कोंडा पुढून उडतो का, हे सर्वांना एकाच वेळी दिसते. दाणेही उडत असतील तर मागची उंची कमी पडली किंवा पुढचा पसरटपणा बिघडला. रोवळी म्हणजे तांदूळ धुऊन निथळत ठेवण्याची टोपली. तिची वीण इतकी विरळ हवी की पाणी निघून जावे आणि इतकी दाट हवी की दाणा अडकूनही बसू नये व गळूनही जाऊ नये, आणि हे पाणी ओतूनच पाहावे लागते. शेतातून मिरची वाहण्याच्या टोपलीत भार घालून ती दोघांनी उचलावी, थोडी हलवावी आणि काठाची बांधणी सरकली का ते पाहावे. बूड सपाट नसेल तर रिकामी टोपली फरशीवर डुलते, भरलेली मात्र स्थिर भासते. म्हणून बूड रिकामेच तपासावे. हाताचा तळवा आतून आणि बाहेरून फिरवला की कूस, म्हणजे निघालेला बारीक तंतू, कोठे राहिली ते कळते. हे सारे शिकणाऱ्याने स्वतः करायचे आहे. प्रशिक्षकाने दोष उच्चारण्यापूर्वी विणणाऱ्याला तो सापडला, तर अर्धे शिक्षण तेथेच झाले असे समजावे.

शिक्षणशास्त्रज्ञ रॉइस सॅडलर यांनी 1989 च्या एका लेखात हाच मुद्दा मांडला आहे. त्यांच्या मते शिकणाऱ्याला उत्तम कामाची कल्पना असावी लागते, स्वतःचे काम त्या कल्पनेशी ताडून पाहता यावे लागते आणि दोहोंतील अंतर कमी करण्याची कृती माहीत असावी लागते. या तिन्हींवाचून कितीही शेरे मिळाले तरी सुधारणा होत नाही. म्हणून प्रत्येक वर्गात जुन्या, जाणत्या हातांनी विणलेली, वापरून काळपटलेली दोन-चार टोपली-सुपे असावीत. नवी कोरी आदर्श वस्तू यासाठी तितकी उपयोगाची नाही, कारण वीण कोठे झिजते आणि काठ कोठे सुटतो हे तिच्यावर दिसत नाही.

आता ज्या दोषांमुळे चिकित्सा खरोखर कठीण होते, त्यांच्याकडे वळता येईल. बांबूच्या वस्तूतील सर्वांत महाग पडणारे दोष ती पूर्ण होते त्या दिवशी दिसतच नाहीत. सातपुड्याच्या कोरड्या जंगलात मुख्यतः मानवेल हा जवळजवळ भरीव बांबू मिळतो. बांबूचा कोंब एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो, त्यानंतर तो जाड होत नाही, पण पुढील दोन-तीन वर्षांत आतून कठीण होत जातो. कोवळा बांबू सहज चिरला जातो आणि हवा तसा वळतो, म्हणून नवशिक्याला तोच आवडतो; परंतु तो वाळताना अधिक आकसतो आणि लवकर किडतो. बांबूतील पिष्ट म्हणजे त्यात साठलेला पिठूळ अन्नांश हे भुंग्याचे खाद्य असून तोडणीचा हंगाम चुकला की त्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून पावसाळा सरल्यानंतर, थंडीच्या दिवसांत तोडलेला आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू अधिक टिकतो, कारण पाण्यात पिष्टाचा बराचसा अंश निघून जातो. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणाची प्रक्रियाही भुंगा लागू नये म्हणूनच केली जाते. चुकीच्या वेळी तोडलेल्या कोवळ्या बांबूची टोपली पहिल्या दिवशी कितीही देखणी असली तरी काही महिन्यांत तिच्याखाली पिवळसर भुकटी पडू लागते आणि तोपर्यंत ती गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली असते.

विणीतील ढिलेपणाही असाच उशिरा उघडकीस येतो. ओल्या कामट्या घट्ट बसल्यासारख्या वाटतात, पण त्या वाळून आकसल्या की ओळींमध्ये फटी पडतात. कामट्या आधी वाळवून घेणे, विणताना त्या वाकण्यापुरत्याच भिजवणे आणि बूड वाळल्यावर ओळी पुन्हा दाबून घेणे हा त्यावरचा उपाय आहे. भार पडणाऱ्या जागी सालीकडची, म्हणजे बाहेरच्या कठीण थराची कामटी न घेता पोटाकडची मऊ कामटी घेतली असेल, किंवा पेरावरची गाठ सारखी तासली नसेल, तर वस्तू त्याच जागी तुटते. तयार आणि रंगवलेल्या वस्तूत हे सहज ओळखू येत नाही.

म्हणून चिकित्सा वस्तूपाशी सुरू झाली तरी ती कृतीपर्यंत गेली पाहिजे. बांबू कोणत्या महिन्यात तोडला, बेटातील कोणती काठी निवडली, खोडावर आवरणाचे अवशेष आणि पांढरट लव होती की ठिपके पडून ते निस्तेज झाले होते, कामट्या किती दिवस वाळल्या, हे प्रश्न प्रत्येक वस्तूबाबत विचारावेत. ताजे आवरण आणि लव ही कोवळेपणाची खूण, तर ठिपके आणि मंदावलेला रंग ही जुनेपणाची खूण होय. उत्तरे देता येत नसतील तर तोच पहिला दोष म्हणून नोंदवावा. जे शिकणारे तयार पट्ट्या विकत घेऊन काम करतात त्यांच्यापुढे ही अडचण विशेष असते, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी सोयीसाठी पट्ट्याच पुरवल्या तर कलेचा अर्धा भाग शिकवलाच गेला नाही असे म्हणावे लागते.

दोष दाखवण्याची वेळ आणि चुकीची किंमत यांचा संबंधही ध्यानात घ्यावा. जीन लेव्ह यांनी लायबेरियातील शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, आणि एटिएन वेंगर यांच्यासह 1991 मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे तो सर्वत्र माहीत झाला. ही मुले इस्त्री, काजे-बटणे, दुमडी अशा शेवटच्या कामांपासून सुरुवात करीत, मग शिवण शिकत आणि कापड बेतणे सर्वांत शेवटी हाती घेत, कारण बेतण्यातील चूक सर्वांत महाग असते. बांबूकामातही हा क्रम लावता येतो: आधी दुसऱ्याने विणलेल्या टोपलीचा काठ बांधणे आणि कूस काढणे, मग विणणे, त्यानंतर कामट्या काढणे आणि अखेरीस बेटातून काठी निवडणे. काठ बांधायला बसलेला विद्यार्थी दुसऱ्याच्या विणीतील वाकडेपणाशी झुंजतो आणि वीण सरळ का हवी, हे त्याला व्याख्यानाशिवाय कळते. विणकाम सुरू झाल्यावर बुडाच्या पहिल्या काही ओळी झाल्या की थांबून पाहावे. उसवायला तेव्हा काही मिनिटे लागतात, काठ बांधल्यानंतर पूर्ण दिवस वाया जातो.

मोजमाप हे परखडपणाला सौम्य करणारे साधन आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे झालेल्या शिक्षण परिषदेतून आणि झाकीर हुसेन समितीच्या अहवालातून नई तालीम पुढे आली, तेव्हा हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्य मानला गेला आणि मुलांनी केलेला माल विकण्याजोगा असावा अशी अपेक्षा ठेवली गेली. खादीच्या चळवळीत तर सुताचा अंक, एकसारखेपणा आणि मजबुती तपासण्याची पद्धतच होती. अंक कमी आला म्हणजे कातणाऱ्याचा अपमान होत नसे, सूत जाड ठरत असे. बांबूच्या वर्गातही एक मोजपट्टी आणि एक वजनकाटा ठेवावा. कामटीची रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजावी, टोपलीचा व्यास दोन आडव्या-उभ्या दिशांनी घ्यावा आणि एकाच मापाच्या दोन टोपल्यांच्या वजनातील फरक पाहावा. आकड्यावर कोणी रुसत नाही.

मात्र सर्वच गोष्टी मोजता येत नाहीत, आणि तेथे दोष व आवड यांतील भेद सांभाळावा लागतो. काठ सुटणे हा दोष आहे. टोपलीला जांभळा रंग दिला ही आवड आहे. शहरातून येणारे रचनाकार पुष्कळदा आवडीला दोषाचे रूप देतात आणि पिढीजात विणणाऱ्या बाईला तिची कणगी ‘जुनाट’ असल्याचे सांगतात. शहरातील गिऱ्हाइकाला लहान आकार, हलके वजन आणि गुळगुळीत आतली बाजू हवी असते ही माहिती उपयोगाची आहे, पण ती गिऱ्हाइकाची मागणी म्हणून सांगावी, विणणाऱ्याची उणीव म्हणून नव्हे. याउलट रचनाकाराच्या कागदावरील दिव्याची शेड गाठीवर वाकवली तर चिरेल, हे बांबूसोबत वाढलेली व्यक्ती पाहताक्षणी सांगू शकते. तिने ते सांगावे आणि रचनाकाराने ऐकावे, एवढी मोकळीक नसेल तर त्या वर्गातील चिकित्सा एकतर्फी राहून निव्वळ अधिकार गाजवणे ठरते. शहादा परिसरातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आदिवासींचे दुःख दुसऱ्यांनीच मंचावरून सांगण्याच्या प्रकाराविषयी आहे. प्रशिक्षण वर्गाच्या मंचालाही ती लागू पडते.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. मावची, पावरी, भिली, कोकणी किंवा अहिराणी घरात बोलणाऱ्या शिकणाऱ्याला अधिकाऱ्याच्या थाटाच्या मराठीत दोष सांगितला की त्यातील आशय हरवून स्वर तेवढा उरतो. ज्या भागात बाहेरून आलेल्या माणसाच्या कठोर शब्दामागे सावकारी आणि सरकारी दराऱ्याचा अनुभव आहे, तेथे हे अधिकच घडते. प्रशिक्षकाने वस्तूच्या भागांची स्थानिक नावे आधी शिकून घ्यावीत, वयाने मोठ्या स्त्रीला अहोजाहो करावे आणि तिच्या वस्तूतील दोष तिच्या सुनेसमोर प्रथमच उघड होणार नाही याची काळजी घ्यावी. परखडपणा आणि उद्धटपणा यांची गल्लत करणारे प्रशिक्षक थोडे नाहीत.

ऐकणाऱ्याकडेही काही जबाबदाऱ्या येतात. दोष सांगितला जात असताना कारणे देऊ नयेत. कारण खरे असले तरी ते नंतर सांगता येते आणि बोलणारा मध्येच थांबला की पुढचे, बहुधा अधिक महत्त्वाचे, ऐकायचे राहून जाते. ऐकल्यावर दोष कोठे आहे ते वस्तूवर बोट ठेवून दाखवण्याची विनंती करावी. एकाच वेळी दहा दोष सांगितले गेले तर त्यांतील ज्यामुळे वस्तू वापरता येत नाही तो एक निवडून पुढच्या वस्तूत तेवढाच सुधारावा. दोघांनी परस्परविरुद्ध मते दिली तर वापराची चाचणी पुन्हा करावी आणि तिचा निकाल मानावा. सदैव स्तुती करणाऱ्या नातेवाइकापेक्षा एखादे चिकित्सक गिऱ्हाईक जवळ करावे. भाव पाडण्यासाठी खोटे दोष काढणारा व्यापारी कोणता, हेही ओळखायला शिकावे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची खोड सांगणारा प्रत्येक जण घोड्याचा जाणकार नसतो, काही जण केवळ सौदा करीत असतात. ‘यात काय बदलले तर जास्त भाव द्याल?’ असा प्रश्न विचारला की दोघांतील फरक बहुधा स्पष्ट होतो, कारण जाणकार उत्तर देतो आणि दुसरा विषय बदलतो.

बचत गटात ही पद्धत चालू ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा सर्वांच्या वस्तू नावाविना एकत्र मांडाव्यात, प्रत्येकीने दुसरीची एक वस्तू उचलून तपासावी आणि जे आढळले ते गटाच्या वहीत एका ओळीत लिहून ठेवावे. गटात लिहिणारी एकच असली तरी चालते. काही महिन्यांनी वही चाळली की तोच दोष कोणत्या कामात वारंवार येतो ते दिसते, आणि तो अनेकींच्या कामात येत असेल तर चूक विणणाऱ्यांची नसून शिकवण्याची किंवा बांबूच्या पुरवठ्याची आहे असे समजावे.

प्रशिक्षणाचे आयोजन करणाऱ्या शासकीय विभागांना आणि संस्थांना एक सूचना करणे आवश्यक आहे. वर्गाचे मूल्यमापन अखेरच्या दिवशी केले जाते, म्हणजे नेमके अशा दिवशी की ज्या दिवशी भुंगा, आकसणे आणि सुटलेला काठ यांपैकी काहीच दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येक शिकणाऱ्याची एक वस्तू त्याच्या घरी रोजच्या वापरात राहू द्यावी आणि पुढचा पावसाळा संपल्यावर सर्वांना त्या वस्तूंसह एका दिवसासाठी पुन्हा बोलवावे. या दिवसाचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांची तरतूद प्रशिक्षणाच्या मूळ अंदाजपत्रकातच करावी, कारण ती नसेल तर शिकणारे येणार नाहीत.